घरचं उळं

मळ्यातून, चांदवड
२२ एप्रिल १९७९

ती. दादा,

नमस्कार. मनापासून नाही, रीत आहे म्हणून. घर सोडून गेल्यापासून तू इकडे एक ओळ लिहिली नाहीस, तेव्हा मी गोड गोड लिहावं अशी अपेक्षा ठेवू नकोस. मालनवहिनीने एसटीच्या कंडक्टरबरोबर निरोप धाडला, त्यातून तुझा पत्ता कळला. गंगापूर रोडला घर घेतलंस, मार्केटजवळ औषधांचं आणि बियाण्याचं दुकान चांगलं चालतंय, घरात नळाला पाणी आहे. ऐकून बरं वाटलं. आबांना सांगितलं नाही, पण त्यांना ठाऊक असणार. त्यांना सगळं ठाऊक असतं आणि काहीच ऐकलेलं नसतं.

वहिनीचा निरोप असा की, "वन्सं मालेगावहून आल्यात तर त्यांना नाशकालाच धाडा. आम्ही दोघं दुकानात, पोरांकडे बघायला आणि स्वयंपाकाला घरचं माणूस होईल." वहिनीला सांग, मी थोड्याच दिवसांसाठी आले आहे. ऊन उतरलं की परत जाईन.

आता खरी बातमी. काल डोंगळे काढले. यंदाही गोंडे पोचट.

शहरात राहून विसरला असशील म्हणून सांगते. साठवणीच्या चाळीतले निवडक कांदे दिवाळीनंतर पुन्हा जमिनीत लावतात, त्यांना डोंगळे म्हणतात. माघात त्यांना पांढरे गोंडे फुटतात, चैत्रात ते वाळतात आणि चोळले की काळं उळं निघतं. हे उळं म्हणजे पुढच्या वर्षाचा कांदा. आपल्या घरात ते आईच्या ओटीतून आलं. बागलाणातून लग्न होऊन येताना तिच्या आईने नारळाऐवजी पसाभर उळं घातलं होतं, हे तिने आपल्याला किती वेळा सांगितलं असेल. ते आपण कधी विकलं नाही. मागायला आलेल्याला हातावरून हातात द्यायचं आणि त्याचं पिकलं की तेवढंच परत घ्यायचं.

काल मी गोंडा तळहातावर चोळला. फुंकर मारली. हातावर काही राहिलं नाही.

आबा बांधावर बसले होते. म्हणाले, "निवृत्तीनं औषध मारलं तवापासून वाफा रुसलाय." तुला तो दिवस आठवत असेलच. डोंगळे ऐन फुलात होते, पातीवर पांढरे चट्टे पडले होते, आणि तू नवा पंप पाठीला लावून सकाळीच फवारणी उरकलीस. कीड मेली, हे खरं. पण गोंडे पोचट निघाले. आबा म्हणाले, पोरानं आईचं उळं मारलं. तू म्हणालास, कीड आधीच लागली होती, औषधाने उलट वाचलं. मग कोण काय बोललं ते कागदावर लिहिण्यासारखं नाही. संध्याकाळच्या गाडीने तू आणि वहिनी गेलात.

पण दादा, एक कोडं आहे. तू गेल्यापासून आबा औषधाच्या बाटलीला शिवलेले नाहीत. तरी गोंडे पोचटच. मग कोणाचं खरं?

उळं वर्षाच्या वर टिकत नाही. गेल्या वर्षीचं मूठभर मडक्यात आहे, तेवढंच.

तुझी,
कुसा


मळ्यातून
११ नोव्हेंबर १९७९

ती. दादा,

उत्तर आलं नाही. हरकत नाही. न बोलणाऱ्यांशी बोलण्याची मला या घरात चांगली सवय झाली आहे.

मागच्या पत्रात थोड्या दिवसांसाठी आले असं लिहिलं होतं. ऊन उतरलं, पाऊस झाला, थंडीही पडायला लागली. तेव्हा आता लिहूनच टाकते. मी मालेगावला परत जाणार नाही. यंत्रमागाच्या खोलीमागे तुझ्या मेहुण्यांनी दुसरा संसार मांडला आहे, आणि त्या बाईला भांडायलाही येत नाही, बिचारी नुसती रडते. मी कोणाशी भांडणार? माझी भांडी घेतली आणि आले. याउपर या विषयावर काही लिहायचं नाही.

आबांना सांगितलं तेव्हा ते बैलाच्या शिंगांना तेल लावत होते. दुसऱ्या शिंगाला तेल लावून झाल्यावर म्हणाले, "डोंगळ्यांचा वाफा तुझा. पिकीव." एवढंच. मी आत जाऊन रडले आणि मग भाकरी थापल्या.

तर आज डोंगळे लावले. प्रत्येक कांद्याचं डोकं कापून बघितलं. आत एकच डोळा असलेला ठेवला, जोडकांदा बाजूला टाकला. गावात आता हे कोणी करत नाही. सगळे डब्यातलं बी आणतात, तुझ्यासारख्यांच्या दुकानातून. शेजारच्या झुंबरने तर अर्ध्या रानात द्राक्षाचे मांडव घातले आहेत आणि उरलेल्यात मुंबईच्या कुठल्या कंपनीसाठी डोंगळे लावले आहेत. कंपनीचा माणूस जीपमधून येतो. झुंबरने पेट्रोलवर चालणारा फवारणीचा पंप घेतला आहे. सकाळी वारा नसतो म्हणून सकाळी सुरू करतो, मग चहा पिताना आपला आवाज आपल्याला ऐकू येत नाही.

आबांनी एक अट घातली आहे. म्हणाले, "उळं संपलं, तर डबा आणू. पर त्याच्या दुकानातून नाय. पिंपळगावातून." बघ, म्हणजे तुझी आठवण आहे.

मला काय वाटतं ते सांगते. वाफा पिकला तर मी या मळ्यात पिकवणारी. नाही पिकला तर तुझ्या घरी पोळ्या लाटणारी. मला पोळ्या लाटण्याची लाज नाही, पण परक्या चुलीपुढे म्हातारी व्हायचं नाही. वहिनी चांगली आहे, म्हणूनच तिची चूल तिचीच राहू दे.

कुसा


मळ्यातून
२ मे १९८०

ती. दादा,

सापडलं.

नमस्कार वगैरे नंतर. आधी हे वाच. यंदा कांद्याच्या भावावरून दिल्लीचं राजकारण हललं म्हणतात, पण माझ्या वाफ्यात जे झालं त्यापुढे ते काहीच नाही.

डोंगळे काढायला घेतले तेव्हा सगळे गोंडे पुन्हा हलके लागले. शेवटचा कोपरा राहिला, निवडुंगाच्या कुंपणाला लागून. तिथे काटे लागतात म्हणून मी तो मागे टाकला होता, आणि दुपारी कंटाळत कंटाळत गेले. पहिला गोंडा कापला तर हाताला वजन लागलं. चोळला. दादा, काळं कुळकुळीत उळं, टपोरं. दुसरा, तिसरा, सगळे भरलेले. कुंपणापासून जसजसं लांब जावं तसे गोंडे रिकामे होत गेलेले.

मी तिथेच मातीत बसले. निवडुंगात बघते तर फुलोरी माशीचं, त्या बारक्या मधमाशीचं, मोहोळ, पानाएवढं, फांदीला चिकटलेलं. ते सोडून त्या कोपऱ्यात वेगळं काही नव्हतं. तीच माती, तेच पाणी, तोच कांदा.

मग मला आई आठवली. आपण लहान असताना डोंगळे फुलले की ती आपल्याला वाफ्यात पाऊल टाकू द्यायची नाही, माश्या चावतील म्हणून. तिकडून नुसता घोंघाट यायचा. आता वाफ्यात तान्हं पोर निजवलं तरी चावायला काही उरलेलं नाही. झुंबरचा पंप सकाळी चालतो, आणि माशी फुलावर सकाळीच येते. वडावरची आग्या मोहोळं संक्रांत झाली की गोटीराम मधासाठी जाळतो. मग गोंडे भरणार कोण?

म्हणून तुला सांगते, नीट वाच. तू फवारलंस त्या वर्षी औषध चुकलं नव्हतं, वेळ चुकली होती. फूल उमलायच्या आधी मारलं असतंस, किंवा सूर्य कलल्यावर, तर कीडही मेली असती आणि उळंही झालं असतं. म्हणजे तुझंही खरं होतं आणि आबांचंही. इतकी वर्षं दोघं खरं बोलत एकमेकांपासून तोंड फिरवून बसलात.

आबांना सांगितलं. काठी घेऊन निवडुंगाच्या कोपऱ्यात गेले आणि ताटातली भाजी गार होईपर्यंत तिथेच उभे राहिले. परत आल्यावर म्हणाले, "त्येला लिव्हलं का?"

मी म्हटलं, "कोणाला?"

"कोणाला नाय," म्हणाले, आणि जेवायला बसले.

उळं फार नाही झालं, पण मडक्याचा तळ झाकला. संपलेलं नाही, दादा. आईचं उळं संपलेलं नाही.

कुसा


मळ्यातून
९ मार्च १९८१

ती. दादा,

पत्राला उशीर झाला. हिवाळ्यात कांद्याच्या भावासाठी आंदोलन पेटलं होतं, आग्रा रोड अडवून गाड्याच्या गाड्या उभ्या होत्या. आबाही गेले होते रस्त्यावर बसायला, भाकरी बांधून. परत आले ते दहा वर्षांनी लहान होऊन आले. तुम्हा दुकानदारांना त्या दिवसांत त्रास झाला असेल, त्याबद्दल मला मुळीच वाईट वाटत नाही.

आता हसायची गोष्ट. मी गावात वेडी ठरले आहे.

यंदा निवडुंगातलं मोहोळ उठून गेलं. डोंगळे फुलले आणि वाफ्यात शुकशुकाट. मग मी ठरवलं, माशी नाही तर मीच माशी. रोज सकाळी दव वाळलं की तळहाताने एकेक गोंडा हलकेच कुरवाळत जायचं. या गोंड्यावरून त्या गोंड्यावर, पुन्हा मागे. हातांना कांद्याच्या फुलाचा असा वास लागला की भाकरीतही उतरतो. आबा म्हणतात, "अवंदा कालवण नाय केलं तरी चालंल."

झुंबर मांडवातून ओरडतो, "कुसाक्का, त्यांना पाळण्यात घाला की." त्याच्या आईने, धोंडाबाईने, त्याला तिथेच झापलं. म्हणाली, "तुला कुरवाळला असता लहानपणी तर तू बी बरा झाला असता." धोंडाबाई माझ्या बाजूची आहे. म्हातारीला सगळं आठवतं. तिच्या तरुणपणी डोंगळ्याच्या वाफ्यात शिरायला बाया पदराने तोंड झाकून घ्यायच्या, असं सांगत होती.

हाताने कुरवाळून उळं होतं, हे मी तुला खात्रीने सांगू शकते. पण एका बाईच्या हाताने गावाला पुरेल एवढं होत नाही. आणि खरं सांगायचं तर माझी कंबर गेली आहे. आबा मागून आले आणि दुसरी ओळ कुरवाळायला लागले. मिशांना पिवळा पराग लागला होता. मी बघितलं नाही असं दाखवलं.

तुझं उत्तर अजून नाही. पत्रं मिळतात ना? इथून पाकीट आबाच टाकतात, बाजाराला गेले की. पत्ता कोणाचा ते विचारत नाहीत. तिकीट मात्र जादा लावतात, हलक्या पाकिटालाही.

कुसा


मळ्यातून
२४ जानेवारी १९८२

ती. दादा,

आता तुझी बहीण पुढारी झाली आहे, तेव्हा पत्र जरा सांभाळून वाच.

झालं असं. गेल्या पावसाळ्यात गावच्या चाळींतून वास सुटला. डब्यातल्या बियाचा कांदा दिसायला मोठा, तळहातात मावेना, पण गणपती बसायच्या आत सडायला लागला. लोकांनी मिळेल त्या भावाने काढला, काहींनी उकिरड्यावर टाकला. आपल्या चाळीतला कांदा लहान, फिका, पण कोरडा खडखडीत. दिवाळीपर्यंत टिकला आणि तेव्हा बाजारात कांदाच नव्हता. बोटीने आखातात पाठवणारे व्यापारी सौदा करायला बांधावर आले. आबांनी त्यांना चहा पाजला आणि घासाघीस करायला मला पुढे केलं. ती मी कशी केली ते तुझ्या धंद्यातल्या माणसाला शिकवणार नाही.

मग रोपं टाकायची वेळ झाली आणि एकेक जण मळ्यात यायला लागला. "कुसाक्का, थोडं उळं द्या हातावर." दादा, ज्यांनी मला वेडी म्हटलं तेच सगळे. मला एकदा वाटलं, नाही म्हणावं. मग आई आठवली.

दिलं, पण अट घातली. उळं ज्याच्या तळहातावर ठेवायचं त्याने मूठ मिटायच्या आधी कबूल करायचं: गावात डोंगळे फुलात असताना सकाळी फवारणी करणार नाही, करायची तर दिवस कलल्यावर. हातावर उळं असताना खोटं बोलायला आपल्याकडे अजून लोक भितात. सगळ्यांनी कबूल केलं. एकाने तर आधी मूठ मिटली, मी ती पुन्हा उघडायला लावली.

गोटीरामशीही बोलले. वडावर या वर्षी आग्या माश्यांची मोठाली मोहोळं लागली आहेत, रस्त्यावरच्या ट्रकवाल्यांनाही दिसतात. तो पलिते घेऊन निघाला होता. मी म्हटलं, "जाळू नको. धूर दे, मधाचा भाग काप, बाकीचं राहू दे." तो म्हणाला, "तसं केल्यावं त्या मला सोडतील का?" मी म्हटलं, "घोंगडी पांघर, मी खाली उभी राहते." उभी राहिले. दोघांनाही चावल्या. माझा डावा डोळा त्या दिवशी उघडला नाही, आणि आबांनी त्यावर चुना लावला. पण मोहोळ शाबूत राहिलं आणि गोटीरामला मधही मिळाला. तो आता पोळं पुन्हा भरायची वाट बघतो आहे, म्हणजे जाळणार नाही.

राहिला झुंबर. त्याला आपलं उळं नको, कंपनीचे डोंगळे आहेत. माझ्या बांधाला लागून त्याचा मोठा वाफा. तो सकाळी फवारणार, आणि मग बाकी सगळ्यांच्या शब्दाला काही अर्थ नाही. माशी काही बांध बघून उडत नाही. मी त्याच्या घरी गेले, हात जोडले. म्हणाला, "कंपनीचा सायेब म्हणतो सकाळी मारा. मी तुमचं आयकू का त्याचं?" त्याचंही उळं वर्षावर्षाला कमी होत चाललंय, हे धोंडाबाईने मला सांगितलं होतं. पण ते तोंडावर सांगितलं असतं तर त्याने दोनदा फवारलं असतं.

पुढच्या सोमवारी तो नाशकाला औषध आणायला येणार आहे. तुझ्याच दुकानात येतो, गाववाला म्हणून. दादा, मी तुझ्याकडे आजवर काही मागितलं नाही. आजही मागत नाही. फक्त सांगितलं.

गोंडे उमलायला लागले आहेत. मला जेवण जात नाही.

कुसा


मळ्यातून
३ फेब्रुवारी १९८२

ती. दादा,

काल झुंबर तरातरा मळ्यात आला. पिशवी हातात, टोपी तिरकी. मी वाफ्यात होते. म्हणाला, "तुमचा भाऊ येडा झालाय का?"

मी म्हटलं, "का, काय झालं?"

"दुकानात गेलो, रोजचं औषध मागितलं. तर म्हणतो, शेतात फूल हाय का? म्हटलं, हाय. तर म्हणतो, मंग सकाळी मारनार नाय असं कबूल कर. म्हटलं, अरे गिऱ्हाईक हाय मी, पैसे देतोय. तर बाटली काढली न् माझ्या हातावर ठेवली. वरून हात सोडंना. म्हणतो, मूठ मिटायच्या आधी बोल."

मी खाली वाकून गोंडे बघायला लागले, कारण माझा चेहरा त्याने बघायला नको होता.

"आनि दुकानात चार लोकं उभी. सगळ्यांच्या देखत म्हणतो, 'माझ्या बहिनीच्या माश्या हायेत त्या. मेल्या तर तुला माझ्याकडून पुन्यांदा बाटली नाय.' कंपनीचं नाव सांगितलं तर म्हणला, सायबाला माझ्याकडं धाड, मी बोलतो त्याच्याशी."

"मग तुम्ही काय म्हणालात?"

"काय म्हणनार? कबूल केलं," झुंबर म्हणाला. "लय लोकं बघत व्हती."

मग पिशवी खाली ठेवून तो बांधावर बसला आणि पाणी मागितलं. पाणी पिताना म्हणाला, "खरंच होतं का व तसं? माझं बी गेल्या साली निम्मंच निघालं व्हतं. सायबाला सांगितलं नाय मी." मी त्याला निवडुंगाच्या कोपऱ्याची गोष्ट पहिल्यापासून सांगितली. त्याने ती नीट ऐकली.

आज सकाळी पंपाचा आवाज आला नाही.

तर माझी पत्रं पोचत होती. एकूण एक पोचत होती. तू ती वाचत होतास आणि तळहातावर उळं ठेवल्याचंही तू विसरला नाहीस. एक ओळ लिहायला काय झालं होतं, असं विचारणार होते. नाही विचारत. आबांचाच मुलगा आहेस.

रात्रीच्या भाकरीच्या वेळी मी ही सगळी गोष्ट चुलीला सांगितली, मोठ्याने. आबा पाठ करून बसले होते. सांगून झाल्यावर म्हणाले, "मूठ मिटायच्या आधी का म्हणला?"

"हो."

"पुन्यांदा सांग," म्हणाले. मी पुन्हा सांगितली.

कुसा


मळ्यातून
२५ एप्रिल १९८२

ती. दादा,

नमस्कार. या वेळी मनापासून.

काल आणि आज डोंगळे काढले. सगळं सांगते.

फेब्रुवारीत तुझी बाटली आल्यापासून आठवडाभरात वाफ्यात आवाज सुरू झाला. आधी थोडा, मग इतका की घरातून ऐकू यावा. आग्या, सातेरी, फुलोरी, झाडून सगळ्या. धोंडाबाई पदराने तोंड झाकून बांधापर्यंत आली आणि नुसती उभी राहून ऐकत होती. म्हणाली, "माझ्या लग्नातल्यावानी वाजतंय." झुंबर संध्याकाळी पंप चालवायचा आणि आधी येऊन मला विचारायचा, "गेल्या का तुमच्या माश्या घरी?"

आज गोंडे चोळले. सुपात घेतलं, वाऱ्यावर धरलं. फोलपट उडालं आणि उळं खाली पडत राहिलं, काळं, जड. सूप भरलं. मग दुसरं भरलं. नंतर आम्ही सुपं मोजणं सोडलं आणि अंगणात घोंगडी अंथरली. झुंबरचंही तसंच. कंपनीची जीप आली होती, साहेबाने त्याला विचारलं की या वर्षी कोणतं औषध वापरलं. झुंबर म्हणाला, "औषध तेच, पर वेळ आमच्या कुसाक्काची." साहेबाने माझं नाव लिहून घेतलं आणि माझ्या वाफ्याचं सगळं उळं विकत मागितलं. असा भाव सांगितला की आबांनीही वळून बघितलं. मी म्हटलं, आमच्याकडे विकत नाहीत. पण पुढच्या वर्षी तुमच्यासाठी वेगळा वाफा लावीन, माझ्या अटीवर, आणि त्याचे पैसे चोख घेईन. साहेब हो म्हणाला. वहिनीला सांग, पोरांसाठी दुसरं माणूस बघ. मी फार कामात आहे.

गावाला पुरून उरेल एवढं उळं आहे, दादा. वडनेरची माणसं येऊन गेली, मालेगावकडचीही. एका बाईने तर पदर पसरला. मी तिला म्हटलं, पदर नको, हात पुढे कर.

आता शेवटचं. तुझ्या घरामागे मोकळी जागा आहे ना? मला वाटलं, तिथे दोन सऱ्या लावशील. पोरांना कळेल आपल्या आजीचा कांदा कसा असतो. म्हणून मी चांगलं निवडलेलं उळं कागदाच्या पुडीत बांधून या पाकिटात घातलं होतं.

आबा समोर बसले होते. त्यांनी पाकीट घेतलं, पुडी बाहेर काढली, सोडली, आणि उळं परत मडक्यात ओतलं. मी म्हटलं, "आबा, हे काय? दादाला आहे ते."

म्हणाले, "म्हाईत हाय कोणाला हाय ते. उळं टपालानं जात नाय. हातावरून हातात जातं."

मग काठी घेऊन उठले आणि दारातून म्हणाले, "लिव्ह त्येला. हात घेऊन यावं म्हणावं."

म्हणून पाकीट रिकामं आहे. रागावू नकोस.

कुसा